मासा ओळखावा कशावरून?

देवमासा हा मासा नव्हे, हे आता प्राथमिक शाळेतली मुलेही सांगतात. तारामासा मासा नाही, जेलीफिश मासा नाही, माकुलही मासा नाही. मग मासा कोण, असे विचारले की बहुधा उत्तर येते: जो पाण्यात राहतो, कल्ल्यांनी श्वास घेतो, परांनी पोहतो आणि ज्याच्या अंगावर खवले असतात तो. उत्तर वाईट नाही. पण वाम माशाच्या अंगावर खवले नसतात. पूर्ण वाढलेल्या पापलेटाला पोटाचे पर नसतात. मरळ मासा अधूनमधून पाण्यावर येऊन हवा घेतो आणि त्याला वर येऊ दिले नाही, तर तो पाण्यात राहूनही गुदमरून मरतो. म्हणजे व्याख्येतली एकेक अट घेऊन बाजारात गेलो, तर प्रत्येक अटीला कोणीतरी अपवाद निघतो.

हा घोळ फक्त मुलांचाच होतो असे नाही. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. तीत त्याने देवमाशाला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत नेऊन बसवले. मात्र त्याच ग्रंथात मुशी, पाकट आणि लॅम्प्रे यांना त्याने माशांत न ठेवता उभयचरांच्या वर्गात टाकले, आणि हॅगफिश नावाच्या माशाला तर चक्क कृमींमध्ये. आज आपल्याला हसू येते. पण मुशी आणि बांगडा हे दोन प्राणी एका नावाखाली घालवत नाहीत एवढे त्याच्या लक्षात आले होते, आणि त्यात तो फारसा चुकला नव्हता. पुढे आपण पाहूच की 'मासा' हे एका कुळाचे नाव नसून पाण्यात राहणाऱ्या अनेक कुळांना मिळून दिलेले नाव आहे.

आज माशांच्या ज्ञात जाती ३५ हजारांहून अधिक आहेत. पाठीचा कणा असलेल्या एकूण प्राण्यांच्या निम्म्याहून ही संख्या जास्त भरते. या सगळ्या जाती मोजक्या मोठ्या गटांत बसतात: जबडा नसलेले मासे, कास्थिमत्स्य, आणि अस्थिमत्स्य, या शेवटच्यांचे पुन्हा दोन प्रकार, काडीपरांचे आणि मांसल परांचे. पुस्तकात हे चारही गट एकाखाली एक छापलेले असतात, त्यामुळे ते सारख्याच तोलाचे वाटतात. प्रत्यक्षात पहिल्या गटात सव्वाशेच्या आसपास जाती आहेत, दुसऱ्यात सुमारे बाराशे, चौथ्यात फक्त आठ. बाकी सगळे तिसऱ्यात. आपल्या ताटात येणाऱ्या माशांपैकी मुशी आणि पाकट वगळले, तर राहिलेले सारे मासे या तिसऱ्या गटातले.

बाजारातले दोन मासे

गट समजून घ्यायला संग्रहालयात जायला नको. किनाऱ्याजवळच्या शाळेला तर कोळणीची टोपली पुरते. एक मुशी घ्यावी (मालवणकडे हिलाच मोरी म्हणतात) आणि एक बांगडा, आणि दोघांना शेजारी शेजारी ठेवावे.

मासा ताजा आहे का, हे पाहायला आपण काय करतो? डोक्यामागचे झाकण उचलून आतला कल्ला लालभडक आहे का ते बघतो. बांगड्याच्या बाबतीत हे जमते. मुशीच्या बाबतीत जमत नाही, कारण तिला झाकणच नसते. तिच्या डोक्यामागे दोन्ही बाजूंना पाच-पाच उभ्या फटी दिसतात. प्रत्येक कल्ल्याची फट वेगळी, आणि उघडी. काही थोड्या जातींत या फटी सहा किंवा सात असतात. बांगड्यात मात्र सगळे कल्ले एकाच हाडाच्या झाकणाखाली असतात. तोंड उघडून पाणी आत घ्यायचे, मग तोंड मिटून झाकण उघडायचे, की पाणी कल्ल्यांवरून वाहत बाहेर पडते. मत्स्यालयातला मासा सारखा 'पाणी पितो' असे मुलांना वाटते; तो पीत नसतो, श्वास घेत असतो. एका मिनिटात झाकण किती वेळा उघडते ते मोजायला सांगितले, तर मुलांना ते झाकण कायमचे लक्षात राहते.

दुसरी खूण हाताला कळते. मुशीच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला, तर कातडी गुळगुळीत लागते. उलट्या दिशेने फिरवला की पॉलिशपेपरसारखी खरखरते. मुशीचे खवले म्हणजे कातडीत रुतलेले अगदी बारीक दातच असतात: आत गर, त्यावर दंतिन, वर चकचकीत टणक थर, अशी त्यांची रचना आपल्या दातासारखीच. तोंडातले दात आणि कातडीवरचे हे दात एकाच घडणीचे आहेत. तोंडातल्या दातांच्या मागे नव्या दातांच्या रांगा तयारच असतात, पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो. बांगड्याचे किंवा रोहूचे खवले निराळे. ते पातळ हाडासारख्या द्रव्याचे, कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. रोहूचा एक खवला धुऊन भिंगाखाली ठेवला, तर त्यावर बारीक वर्तुळे दिसतात. थंड प्रदेशातल्या माशांत त्यावरून झाडाच्या खोडासारखे वय मोजता येते. आपल्याकडे हिवाळा तितका कडक नसल्याने वर्षाची वर्तुळे तेवढी स्पष्ट उमटत नाहीत, म्हणून जरा जपून.

तिसरी खूण शेपटीची. बांगड्याच्या शेपटीच्या दोन्ही पाकळ्या सारख्या असतात. मुशीच्या शेपटीची वरची पाकळी लांब असते आणि पाठीचा कणा वाकून तिच्यात शिरलेला असतो.

आणि मुख्य खूण सांगाड्याची. आपल्या नाकाचा शेंडा किंवा कानाचा वरचा भाग चाचपला, तर टणक पण वाकणारे असे काहीतरी लागते. ती कास्थी. मुशीचा आणि पाकटाचा सगळा सांगाडा तिचाच असतो, म्हणून त्यांना कास्थिमत्स्य म्हणतात. मुशीचा तुकडा खाताना काटे लागत नाहीत, मधला मणकाच काय तो बाजूला काढावा लागतो, हे घरोघरी ठाऊक असते.

इथे विद्यार्थ्यांना एक कोडे जरूर घालावे. बोंबिलाचे काय? त्याची हाडे इतकी मऊ असतात की आपण तो काट्यासकट खातो. मांसात पाणीच जास्त. मग बोंबील कास्थिमत्स्य का नाही? उत्तर शोधायला त्याचे डोके पाहावे. तिथे फटी नाहीत, झाकण आहे. शेपटीत कणा वर वाकून गेलेला नाही. पर नाजूक काड्यांवर ताणलेले आहेत. त्याची हाडे मऊ आहेत, पण ती हाडेच आहेत, कास्थी नव्हे. बोंबील हा अस्थिमत्स्यच आहे. एखादी खूण फसवू शकते. चार-पाच खुणा एकत्र पाहिल्या की फसगत टळते. वर्गीकरण शिकवताना तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा हा एक बोंबील जास्त उपयोगी पडतो, असे आम्हाला वाटते.

तरंगायचे कसे

माशाचे मांस आणि हाडे पाण्यापेक्षा जड असतात. पोहणे थांबवले की मासा तळाशी जायला हवा. बहुतेक अस्थिमत्स्यांनी यावर तोड काढली ती पोटातल्या हवेच्या पिशवीची, म्हणजे वाताशयाची. तिच्यातली हवा कमीजास्त करून मासा हव्या त्या खोलीवर स्थिर राहू शकतो. मासा साफ करताना पांढरट फुगा निघतो तो हाच. घोळ माशाच्या या फुग्याला परदेशात मोठी मागणी आहे. २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका नौकेला दीडशेहून जास्त घोळ मिळाले आणि त्यांना कोटीच्या वर किंमत आली, ही बातमी वाचकांना आठवत असेल. ती किंमत मुख्यतः या फुग्यांची होती.

मुशीला वाताशय नसतो. तिचे यकृत प्रचंड असते आणि तेलाने भरलेले असते. तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून थोडा आधार मिळतो. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाचे तेल परदेशातून येईनासे झाले, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर 'अ' जीवनसत्त्वासाठी मुशीच्या यकृताचे तेल काढण्याचा उद्योग वाढला, तो याच गुणामुळे. अर्थात, 'वाताशय असतो तो अस्थिमत्स्य' असे सूत्र कोणी फळ्यावर लिहू नये. सुरमईला वाताशय नसतो आणि ती पक्की अस्थिमत्स्य आहे.

मुशीचे आणखी एक वेगळेपण स्वयंपाकघरात कळते. समुद्राचे पाणी खारट, माशाच्या शरीरातले पाणी कमी खारट. त्यामुळे शरीरातले पाणी सारखे बाहेर ओढले जाते. बांगडा समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. मुशी निराळी युक्ती करते. आपण जो युरिया लघवीवाटे टाकून देतो, तो ती रक्तात आणि मांसात साठवून ठेवते. त्यामुळे तिच्या शरीरातला द्रव समुद्राच्या तोडीचा होतो आणि पाणी बाहेर जायचे थांबते. मासा मेल्यावर जीवाणू या युरियाचा अमोनिया करतात. शिळ्या मुशीचा डोळ्यांत जाणारा वास तो हाच.

पाकट आणि लेपा

पाकट आणि लेपा दोन्ही चपटे, दोन्ही वाळूत लपणारे. नवख्याला भाऊ भाऊ वाटतील. पण पाकट पोटावर चपटा झाला आहे आणि लेपा कुशीवर. पाकटाला उलटा केला की खाली तोंड आणि पाच-पाच फटी दिसतात, म्हणजे तो चपटी झालेली मुशीच समजावा. त्याचे छातीचे पर डोक्याला जोडून पसरले आहेत. वाळूत तोंड खुपसून बसल्यावर गाळ कल्ल्यांत जाऊ नये म्हणून तो डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी आत घेतो.

लेप्याची गोष्ट अधिक नवलाची. अंड्यातून बाहेर पडलेले त्याचे पिल्लू इतर माशांसारखे सरळ पोहते, त्याला दोन बाजूंना दोन डोळे असतात. मग एक डोळा हळूहळू डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो, आणि मासा आंधळ्या बाजूवर आडवा होतो. सारख्याच गरजेसाठी दोन निराळ्या कुळांनी दोन निराळ्या वाटांनी चपटेपणा मिळवला. बाह्य आकारावरून गट ठरवू नये याला यापेक्षा चांगले उदाहरण टोपलीत सापडणार नाही.

कास्थिमत्स्यांची पिल्ले थोडी

नर मुशीच्या पोटाच्या परांजवळ दोन लांबट दांडे असतात. मादीला ते नसतात. त्यांच्या साह्याने फलन मादीच्या शरीरात होते. बांगडा आणि तारली हजारो अंडी पाण्यात सोडून मोकळे होतात. मुशी तसे करत नाही. आपल्या किनाऱ्यावर मुबलक मिळणारी छोटी सोनमुशी घ्या. तिचे अंडे जेमतेम राईच्या दाण्याएवढे, त्यात अन्नसाठा जवळजवळ नाही. पिल्लू मादीच्या पोटातच वारेसारख्या अवयवाने तिला जोडलेले असते आणि तिच्याकडून पोषण घेत वाढते. एका खेपेस साधारण डझनभर पिल्ले, क्वचित वीसच्या घरात. मोठ्या जातींच्या कित्येक मुशी वयात यायलाच दहा-दहा वर्षे घेतात, आणि पिल्ले त्याहूनही कमी देतात.

ही सोनमुशी आपल्या विद्यार्थ्यांच्या ओळखीची आहे. महाविद्यालयांतून प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्या तिच्याच विच्छेदनावर शिकल्या. २०११ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना दिल्यावर ते थांबत गेले. पण तिला जाळ्यातून तशी सवलत मिळालेली नाही. तारलीचा साठा एखाद्या वर्षी खालावला, तरी चांगल्या हंगामात तो भरून येऊ शकतो, कारण अंडी अगणित. मुशीचा हिशेब वेगळा आहे. जितक्या माद्या पकडल्या, तितकी पुढच्या वर्षीची पिल्ले कमी, आणि ती उणीव लवकर भरून येत नाही. करवतीसारखा लांब मुखाग्र असलेला करवत मासा एके काळी आपल्या किनाऱ्यावर सापडे. आज तो दिसला तर बातमी होते. सौराष्ट्राच्या किनाऱ्याला येणारी देवमुशी ही जगातला सर्वांत मोठा मासा. ती फक्त पाणी गाळून बारीक जीव खाते. तिची तेथे मोठ्या प्रमाणावर शिकार होत असे. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश झाला, त्याच वर्षी करवत माशांचाही. कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने मुशी-पाकटांची ही यादी आणखी लांबली आहे. तेव्हा 'अंतर्गत फलन, पिल्ले कमी' ही तक्त्यातली ओळ नुसती परीक्षेपुरती नाही. कोणता मासा किती पकडता येईल याचे उत्तर त्या ओळीत आहे.

ज्यांना जबडाच नाही

हा गट आपल्या बाजारात येत नाही, म्हणून थोडक्यात. यात लॅम्प्रे आणि हॅगफिश एवढेच आज उरले आहेत. दोघेही वामेसारखे लांबट, खवले नाहीत, छातीचे व पोटाचे जोडीचे पर नाहीत, आणि खालीवर हलणारा जबडा नाही. लॅम्प्रेचे तोंड म्हणजे दातेरी वाटीच. ती दुसऱ्या माशाच्या अंगाला चिकटवून कित्येक जाती त्याचे रक्त पितात. डोक्यामागे सात गोल छिद्रे ओळीने असतात. हॅगफिश समुद्रतळाशी मेलेले प्राणी खातो, आणि छेडले की क्षणात इतका बुळबुळीत चिकटा सोडतो की पकडणाऱ्याचे कल्ले बंद पडावेत.

चाळीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रात जबडा नसलेल्या, चिलखत घातल्यासारख्या माशांची रेलचेल होती. पुढे काही माशांत जबडा आला; चावता, पकडता, फोडता येऊ लागले, आणि बिनजबड्याचे बहुतेक मासे संपले. जे उरले त्यांना कमी लेखू नये. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या महासरोवरांत नायगारा धबधब्यामुळे समुद्री लॅम्प्रेला वरच्या सरोवरांकडे जाता येत नव्हते. जहाजांसाठी धबधबा टाळून वेलंड कालवा काढला, आणि १९२१ मध्ये लॅम्प्रे ईरी सरोवरात दिसला. पुढच्या दोन दशकांत तो सगळ्या वरच्या सरोवरांत पसरला आणि तिथल्या ट्राउट माशांची मासेमारी त्याने बुडवली. १९५८ पासून नद्यांमध्ये त्याच्या डिंभांवर निवडक विष वापरून त्याला आवरले जात आहे, आणि तो खर्च आजही चालू आहे.

काडीचा पर, मांसल पर

आता अस्थिमत्स्य. पापलेटाचा किंवा रोहूचा पर उजेडात धरला, तर पंख्याच्या काड्यांसारख्या काड्या आणि त्यांवर ताणलेला पडदा दिसतो. पर हलवणारे स्नायू शरीरात असतात, परात नसतात. हे काडीपरांचे मासे. यांचे वैविध्य इतके की वर्णन करायला बसलो, तर अंक पुरणार नाही. तारली आणि पेडवे यांच्या परांत टोचणारे काटे नसतात. बांगडा आणि सुरमई यांच्या शेपटीजवळ वरखाली छोट्या परांची रांग असते. शिंगाळ्याला मिशा असतात आणि त्याचा नर अंडी तोंडात धरून उबवतो, तेवढे दिवस स्वतः उपाशी राहतो. पापलेट तर २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे.

गोड्या पाण्यातले रोहू, कटला, मृगळ आणि शिंगटी हे दिसायला वेगवेगळे. पण त्यांच्या वाताशयापासून कानापर्यंत इवल्या हाडांची साखळी असते. वाताशय ढोलासारखा थरथरतो आणि ती थरथर कानापर्यंत पोचते, त्यामुळे त्यांना उत्तम ऐकू येते. दख्खनच्या नद्यांतल्या या माशांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास केली. त्याने गावोगावची मराठी नावेच लॅटिन वेषात घेतली. खुद्री, कोलस, पोटेल अशी नावे आजही जगभरच्या शास्त्रज्ञांना वापरावी लागतात. आपल्या नदीवरच्या भोई मंडळींचा हा वाटा पुस्तकात कुठे लिहिलेला नसतो.

राहिला शेवटचा गट, आठ जातींचा. यांच्या पराला मांसल देठ असतो. त्या देठात हाडे असतात आणि स्नायूही. शरीराला जोडलेले पहिले हाड एकच असते, आपल्या दंडात असते तसे. यातल्या दोन जाती सीलाकांथाच्या आणि सहा फुप्फुसमाशांच्या.

सीलाकांथ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या बरोबरच संपले असे मानले जाई. त्याच्या पुढच्या काळातले जीवाश्मच मिळत नव्हते. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात एका ट्रॉलरवरच्या ढिगात तिथल्या छोट्या संग्रहालयाच्या अभिरक्षक मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना दीड मीटर लांबीचा, निळसर, जाड खवल्यांचा मासा दिसला. त्याचे पर हातापायांसारखे होते. कोणत्याच पुस्तकात तो बसेना. त्यांनी त्याचे कच्चे चित्र काढून प्राध्यापक जे. एल. बी. स्मिथ यांना टपालाने पाठवले. सुट्टीचे दिवस आणि उन्हाळा. स्मिथ येईपर्यंत मासा टिकेना, आतडी टाकून द्यावी लागली आणि कातडे भरून ठेवावे लागले. पण ते पर आणि खवले स्मिथ यांना पुरेसे होते. माशाचे नाव त्यांनी लॅटिमरबाईंवरून ठेवले. दुसरा नमुना मिळायला १९५२ साल उजाडले, तो कोमोरो बेटांजवळ. तिथल्या कोळ्यांना तो मासा माहीत होता, 'गोम्बेसा' असे त्याचे नावही होते. दुसरी जात १९९७ मध्ये इंडोनेशियात मनाडोच्या मासळीबाजारात हातगाडीवर दिसली, आणि तिथेही कोळी तिला ओळखत होते: 'राजा लाउत', समुद्राचा राजा.

फुप्फुसमासे आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथल्या गोड्या पाण्यात राहतात. त्यांना खरी फुप्फुसे असतात. तळे आटले की आफ्रिकेतला फुप्फुसमासा चिखलात बीळ करून, अंगाभोवती चिकट्याचा कोश विणून महिनोन्‌महिने पाऊस येण्याची वाट पाहतो. आपल्याकडे आज ते नाहीत, पण होते. नागपूरला राहिलेले मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप (तिथले हिस्लॉप महाविद्यालय यांच्याच नावाचे) यांच्या काळात, नागपूरच्या दक्षिणेला प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात मालेरी येथे या माशांचे चपटे दात सापडले. त्यांतल्या एका जातीला १८५९ मध्ये हिस्लॉप यांचेच नाव दिले गेले. ते दगड वीस कोटी वर्षांहून जुने आहेत. गंमत अशी की ऑस्ट्रेलियातला जिवंत मासा शास्त्रज्ञांना त्यानंतर, १८७० मध्ये माहीत झाला, आणि तो ओळखला गेला तो या जुन्या दातांशी असलेल्या साम्यावरून. अशा एका ऑस्ट्रेलियन माशाला शिकागोच्या मत्स्यालयात १९३३ मध्ये आणले होते. तो तिथे २०१७ पर्यंत राहिला.

डार्विनचा समज होता की माशांच्या वाताशयापासून पुढे फुप्फुस तयार झाले. आज पुरावा उलटे सांगतो. पहिल्या अस्थिमत्स्यांना फुप्फुसे होती, आणि काडीपरांच्या बहुतेक माशांत त्यांचाच पुढे वाताशय झाला.

गाय, रोहू आणि फुप्फुसमासा

आता विद्यार्थ्यांना विचारावे: गाय, रोहू आणि फुप्फुसमासा या तिघांत जवळचे नातेवाईक कोणते दोन? सगळे म्हणतील, दोन मासे. उत्तर आहे, फुप्फुसमासा आणि गाय. २०१३ मध्ये सीलाकांथाचा आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन फुप्फुसमाशाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, आणि चार पायांच्या प्राण्यांचे सर्वांत जवळचे जिवंत जलचर नातेवाईक फुप्फुसमासे आहेत हे पक्के झाले. सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा, परांत मनगटासारखी हाडे असलेला 'टिक्टालिक' कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर २००४ मध्ये सापडला होताच. मांसल परांच्या माशांची एक फांदी पाण्याबाहेर आली; बेडूक, साप, पक्षी, गाय आणि आपण हे सारे त्या फांदीवरचे.

म्हणून आजचे शास्त्रज्ञ 'मत्स्य' असा एक वर्ग मानत नाहीत. तो मानायचा, तर त्यात गायही घ्यावी लागेल. जुन्या पुस्तकांत मत्स्यवर्ग आहे, नव्यांत नाही, याने शिक्षक गोंधळतात. त्यामागचे कारण एवढेच. बोलण्यात, बाजारात आणि मासेमारीच्या कायद्यात 'मासा' हा शब्द चालूच राहणार, आणि त्यात काही बिघडत नाही.

वर्गात हे सांगितले की किनाऱ्याकडचा एखादा मुलगा हमखास विचारतो, "मग निवटी?" खाडीच्या चिखलात निवटी परांवर उड्या मारत चालते, खारफुटीच्या मुळांवर चढते, तासन्‌तास पाण्याबाहेर राहते. ती आपल्या जवळची नसेल तर कोण? तिचा छातीचा पर कापून भिंगाखाली ठेवावा. पायथ्याशी छोट्या हाडांची रांग आणि पुढे काड्यांचा पंखा दिसेल; दंडासारखे एकटे हाड दिसणार नाही. निवटी काडीपरांचीच आहे. पाण्याबाहेर यायची वाट तिच्या कुळाने फार उशिरा आणि स्वतःहून शोधली. तिला फुप्फुसही नाही. ओली कातडी, तोंडाचे अस्तर आणि पाणी धरून ठेवणारे कल्ले यांवर ती चिखलात दिवस काढते.